पहिल्या बाकावरचे दोघे

"छप्पर गळतं," पलंगावर उभं राहून छताला बोट लावत लेलँड बीमर म्हणाला. "पण एकाच जागी गळतं."

"एकाच जागी गळणारं छप्पर मी अजून पाहिलं नाही," रोझान म्हणाली आणि तिने वहीत लिहिलं : छप्पर. थोडा विचार करून पुढे लिहिलं : बघू.

हे नववं गाव होतं. सॅक्रामेंटोच्या घरमालकाने तीन वर्षांत तीनदा भाडं वाढवलं होतं आणि ऑगस्टच्या एकतीस तारखेला करार संपत होता. लेलँड कवळ्या करायचा. दातांचे साचे टपालाने यायचे आणि कवळ्या टपालाने जायच्या, त्यामुळे त्याला कुठेही बसून काम करता येण्यासारखं होतं. जिथे घर परवडेल तिथे जाऊन राहायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. एका संकेतस्थळावर देशातल्या राहायला स्वस्त गावांची यादी होती. तिच्यातली आठ गावं पाहून झाली होती. एकात डॉक्टर नव्हता. एकात डॉक्टर होता, पण पाणी नव्हतं. एकात सगळं होतं, आणि यादीत नाव आल्यापासून तेच गाव महाग झालं होतं. नेब्रास्कातलं एल्डर बेंड हे शेवटचं. त्यांच्या पैशांत बसणारं घरही आता हेच एक उरलं होतं, आणि आज एकवीस तारीख होती.

दलाल साठ मैलांवर राहायचा. किल्ली कुठे ठेवली आहे ते त्याने फोनवर सांगितलं होतं. "जत्रेमुळे मोटेलं भरलीत. घरातच राहा की दोन-तीन रात्री. पलंग आहेत, भांडीकुंडी आहेत. म्हातारी मार्चपासून वृद्धाश्रमात आहे. घर विकतोय तिचा भाचा, तो तिकडे ऑरेगॉनात असतो. राहून बघा, पटलं तर रविवारी कळवा."

एक गोष्ट दलालाने सांगितली नाही. त्याला ती ठाऊकच नव्हती.

लोकसंख्या : २१४

हे यादीतलं. मंगळवारी पहाटेपासून ते एकाने चुकत होतं.

गुन्हेगारी : जवळजवळ नाही

दारावर कुणी टकटक केली नाही. जाळीचं दार उघडलं आणि ऐंशीच्या पुढचा एक उंच माणूस आत आला. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं मोठं भांडं होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं, मग डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"व्हर्जिल हृबी. पलीकडचं घर माझं."

"मी लेलँड बीमर. ही रोझान."

"फार वाईट वाटलं," व्हर्जिल म्हणाला.

लेलँडने नकळत छताकडे पाहिलं. "नाही, ठीक आहे तसं," तो म्हणाला.

व्हर्जिलने मान हलवली. पुढची पाच मिनिटं तो काहीच बोलला नाही. या भागातले लोक दुःखात फार बोलत नाहीत. सुखातही बोलत नाहीत, पण सुखात ते उभे न राहता बसलेले असतात.

"चीज घातलेले बटाटे आहेत," शेवटी तो म्हणाला. "गरम आहेत अजून."

"अहो, हे कशाला?" रोझान म्हणाली. "नको, खरंच."

"घ्या."

"नको हो, तुम्हाला उगाच त्रास."

"घ्या."

"बरं."

इथे एक सांगायला हवं. एल्डर बेंडमध्ये कुठलीही गोष्ट दोनदा नको म्हणून घेतात. पहिलं नको म्हणजे नमस्कार. दुसरं नको म्हणजे आपण हावरट नाही याचा पुरावा. तिसऱ्यांदा पुढे केलं की माणूस घेतो. तिसऱ्यांदा नको म्हणणारं माणूस या गावाने पाहिलेलं नव्हतं. रोझानला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण तिच्या आईचं वळण नेमकं तेवढंच होतं.

व्हर्जिल टोपी घालून निघाला. फाटकाशी त्यांची गाडी उभी होती. तिच्या मागे तो जरा वेळ थांबला, वाकून काहीतरी पाहिलं, आणि मग आपल्या घराकडे न जाता रस्त्यापलीकडे गेला.

रोझानने वहीत लिहिलं : शेजार उत्तम. टोपी काढतात.

करमणूक : मर्यादित

पाच वाजता हॅम आलं. सव्वापाचला हिरव्या शेंगा आल्या. मग लिंबाच्या जेलीत अडकवलेली गाजरं, मग आणखी बटाटे, मग शेवयांचं काहीतरी, ज्यावर बटाट्याचे कुरकुरीत काप चुरून पसरले होते. प्रत्येक भांड्याच्या तळाला पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव होतं. येणारं प्रत्येक माणूस "वाईट वाटलं" म्हणायचं, आपल्याच बुटांकडे पाहायचं आणि जायचं. दोघांनी प्रत्येकाला दोनदा नको म्हटलं.

"या लोकांना आपण आवडलो," रोझान म्हणाली. सॅक्रामेंटोत भिंतीपलीकडच्या माणसाचं नाव तिला एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं.

"आपण अजून काही बोललोच नाही."

"म्हणूनच असेल."

व्हर्जिलचे बटाटे संपले. दुसरे अर्धे संपले. साडेसात वाजता दारात कुणीतरी शेवटचं भांडं ठेवून गेलं. त्याच्या तळाला आर्डिथ कुचेरा असं नाव होतं आणि झाकणाला एक पाकीट चिकटवलेलं होतं. रोझानने ते उघडलं. आत कार्ड होतं, कार्डावर लिली होती.

"'आयनेझ आपल्याला सोडून गेल्या,'" ती मोठ्याने वाचू लागली. "'तुमच्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता चर्चमध्ये जपमाळ. शनिवारी दहाला अंत्यविधी. नंतर तळघरात जेवण.'"

लेलँडचा काटा तोंडापाशी थांबला होता. काट्यावर बटाटा होता.

"आयनेझ कोण?"

रोझानने भिंतीवरच्या म्हाताऱ्या बाईच्या फोटोकडे पाहिलं. मग टेबलाकडे. टेबलावर जागा उरली नव्हती.

"लेलँड, आपण मेलेल्या बाईचे बटाटे खाल्ले."

"बाईचे नाही. बाईच्या नातेवाइकांचे."

"ते बरं का?"

"ते जास्त वाईट. ते जिवंत आहेत."

शाळा : शेजारच्या गावात, बसने चाळीस मिनिटं

या कथेशी याचा संबंध नाही. यादीत आहे म्हणून लिहिलं.

शेजार

हा रकाना यादीत नाही. रोझानने वहीत तो स्वतः आखला होता, आणि आता त्यातलं "उत्तम" खोडून ती रात्रभर जागी होती.

"सकाळी जाऊन सांगून टाक," उजाडल्यावर ती म्हणाली. "आम्ही कुणी नाही म्हणावं. घर बघायला आलो होतो. आत्ता सांगितलं तर चूक म्हणतील, उद्या सांगितलं तर चोरी म्हणतील. इथे राहायचं असेल ना, तर रोज तोंड दाखवायचंय या माणसांना. दोनशे चौदाच आहेत ती. एकही चुकवता येणार नाही."

लेलँडने न उघडलेली चार भांडी गाडीत घातली आणि आर्डिथ कुचेराचं घर शोधून काढलं. शोधावं लागलं नाही. ती अंगणात उभी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ठेंगणी, पदर खोचल्यासारखा ॲप्रन खोचलेली. चर्चच्या स्वयंपाकघराचा सगळा कारभार तिच्याकडे होता.

"बाई, हे परत आणलं," लेलँड म्हणाला. "हे आमचं नाही."

"असं कुठे असतं? घ्या."

"तसं नाही. आम्ही त्यातले नाहीच. आमचा काही हक्क नाही यावर."

"हक्काने कोण खातं हो असल्या वेळी? घ्या."

लेलँड तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडणार तोवर ती वळून घरात गेली होती. परत आली ती कोलाचे, म्हणजे मधे जर्दाळू भरलेले गोड पाव, रचलेलं ताट घेऊन. गाडीचं दार तिने स्वतःच उघडलं आणि ताट भांड्यांवर ठेवलं.

"काल खाल्लंत का काही?"

"दीड... दीड भांडं."

"बरं केलंत. माणसं उपाशी राहतात अशा वेळी, आणि मग चर्चमध्ये चक्कर येऊन पडतात. गेल्या वर्षी एडचा मेहुणा पडला. संध्याकाळी साडेसहालाच या. पहिला बाक घरच्यांचा, म्हणजे तुमचा, मी पुसून ठेवते."

"पण आर्डिथबाई—"

"निळा कोट आहे का तुमच्याकडे? काळा नसला तर निळा चालतो."

तो घरी आला तेव्हा रोझान दारातच उभी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"कोलाचे दिले."

आरोग्य सेवा : सर्वांत जवळचं रुग्णालय ३८ मैल

आता एकच वाट होती. खरा भाचा. दलालाकडून त्याचा नंबर घेऊन लेलँडने फोन लावला आणि रोझानला ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवला. टेबलावर जागा करायला तिने जेली उचलून खिडकीत ठेवली.

"घराबद्दल ना?" गॅलन स्वोबोदा पलीकडून म्हणाला. आवाज उतारवयाचा, थकलेला. "दलाल म्हणाला तुम्ही आलाय. छपराचं असेल तर मला माहीत आहे. थोडं कमी करू आपण."

रोझानने जोरजोरात मान हलवली.

"गॅलन," लेलँड म्हणाला, "तुमच्या आत्या मंगळवारी वारल्या."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुमचा नंबर दलालाने कळवला होता, एरवी अनोळखी नंबर मी उचलत नाही," गॅलन म्हणाला. "मंगळवारपासून तिकडचे अकरा फोन आले. मला वाटलं, कुणी विमा विकतंय."

"उद्या दहाला अंत्यविधी आहे."

"माझा गुडघा बदललाय गेल्या आठवड्यात. न्हाणीपर्यंत जायला अर्धा तास लागतो. दर नाताळात तिला फोन करायचो. येतो म्हणायचो. बावीस वर्षं येतो म्हणालो मी." आणि मग अगदी हळू, "पहिल्या बाकावर कोण बसणारे?"

लेलँडने रोझानकडे पाहिलं. रोझान बटाट्यांकडे पाहत होती.

"आम्ही," लेलँड म्हणाला.

"तुम्ही? पण तुम्ही तर..." गॅलनने नाक ओढलं. "बसाल? खरंच बसाल? मग असं करा, मी येत नाही हे गावात कुणाला बोलू नका. त्या आर्डिथला तर नाहीच. फक्त बसा. तो बाक रिकामा दिसायला नको."

"बसतो."

फोन बंद झाला. खिडकीतली जेली उन्हाने कडेकडेने सुटायला लागली होती.

"छपराचं राहिलं," रोझान म्हणाली.

"तू बोलायचंस."

"आत्या गेल्याचं सांगून दुसऱ्या मिनिटाला?"

"म्हणजे पूर्ण किंमत."

"पूर्ण किंमत आणि वर बाक," रोझान म्हणाली आणि खुर्चीत बसली. "तुझ्या लक्षात येतंय का काय झालं? आता खरं सांगितलं तर गॅलनचं नाक कापलं जातं, आणि घर त्याच्या हातात आहे. नाही सांगितलं तर एक तारखेला आपण ट्रक घेऊन येणार, आणि ही सगळी माणसं बघणार की ज्यांना आपण जेवू घातलं, ज्यांचा हात हातात घेतला, ते म्हणजे गिऱ्हाईक. घर मिळेल रे. पण मला किराणा आणायलासुद्धा दुसऱ्या गावात जावं लागेल."

"किराणा दुसऱ्या गावातच आहे."

"मग तिसऱ्या."

वाहतूक : गर्दी नाही

संध्याकाळी चर्च भरलेलं होतं. पहिला बाक इतका स्वच्छ पुसलेला होता की रोझान त्यावरून थोडी घसरली. मागे गावाने पन्नास-साठ माळा हातात घेऊन एका सुरात प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. बीमर दांपत्य कुठल्याच चर्चला जात नसे. लेलँडने ओठ हलवले. रोझानने पर्समध्ये हात घालून गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेक किल्ली बोटांनी पुढे सारू लागली. किल्ल्या सात होत्या, त्यामुळे ती गावाच्या फार पुढे गेली आणि मग थांबून राहिली.

शेवटी फादरनी खूण केली. घरच्यांनी आधी जाऊन पाहायचं असतं. दोघं शवपेटीपाशी गेले.

आयनेझ स्वोबोदा निळ्या पोशाखात झोपल्या होत्या. लेलँडने चेहऱ्याकडे पाहिलं, आणि धंद्याची सवय म्हणून तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या फटीतून दिसणारी वरची कवळी हाताने केलेली होती. असं काम आता कुणी करत नाही. तीस वर्षांची तरी असेल, आणि अजून ओठ नीट उचलून धरत होती. म्हणजे या बाईने तीस वर्षं रोज रात्री ती काढून घासली, पाण्यात ठेवली, कधी हातातून पडू दिली नाही. एकटीने. कुणी पाहत नसताना. हे मनात आलं आणि लेलँडचे डोळे भरले. त्याने रुमाल शोधला, तो नव्हता. मग त्याने निळ्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

मागे माळा थांबल्या होत्या. सगळं गाव बघत होतं.

बाहेर पायरीवर व्हर्जिल वाट पाहत उभा होता.

"एक विचारायचं होतं. पेटी धरायला सहा लागतात. आमच्याकडे पाच आहेत, त्यातले दोन धड."

"मला कसं चालेल?"

"घरचं माणूस धरत नाही, खरंय. पण यंदा माणसंच नाहीत."

"नको हो, मी लायक नाही त्याला."

"डावीकडची मधली कडी," व्हर्जिल म्हणाला. "ती वजनाला हलकी."

हवामान : उन्हाळा उष्ण, उन्हाळा

(यादीत हे असंच आहे. कुणीतरी मधेच थांबलेलं दिसतं.)

दफनभूमी टेकाडावर होती. शनिवारी पेटीची गाडी फाटकापर्यंत गेली, पुढे पेटी उचलून न्यायची होती. पेटी धरणाऱ्यांतल्या एड नोव्होत्नीचा श्वास तिसाव्या पावलाला संपला, म्हणून पेटी गवतावर टेकवली. सहाही जण वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. बाजूला मका माणसाहून उंच उभा होता आणि त्याच्यात वारा नव्हता. पुन्हा उचलली. पुन्हा टेकवली. तिसऱ्या वेळी सगळे उठले, पण एड उठला नाही. त्याची कडी लेलँडने दुसऱ्या हाताने धरली. तेव्हा हलकी कडी कुठलीच नसते हे त्याला कळलं.

माती लोटून झाल्यावरही त्याची बोटं सरळ होत नव्हती. रोझानने ती आपल्या हातात घेतली आणि एकेक उघडली.

"आज रात्री निघू," ती हळूच म्हणाली. "गॅलनला सांगू, घर नको. मला या माणसांना फसवून इथे राहायचं नाही."

"आणि राहायचं कुठे?"

यादी संपली होती.

स्थानिक खाद्यपदार्थ : माहिती उपलब्ध नाही

चर्चच्या तळघरात हॅम होतं, चीज घातलेले बटाटे होते, जेली होती. लेलँडने ताट घेतलं नाही. आर्डिथ आली तेव्हा तो खुर्चीत सरळ बसून होता. तिच्या हातात पांढऱ्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते उलगडलं. पेटीच्या झाकणावरचा पितळी क्रूस होता तो.

"हा घरच्यांना द्यायचा असतो," ती म्हणाली.

"नको," लेलँड म्हणाला.

"घ्या."

"नको, बाई."

"घ्या हो."

लेलँड उभा राहिला. "नको," तो म्हणाला.

तळघरातले काटेचमचे थांबले. कुणीतरी उचललेला कप खाली ठेवला. एड नोव्होत्नीने शेजारणीला विचारलं, "किती झाले?" आणि ती म्हणाली, "तीन."

"मी यांचा कुणी नाही," लेलँड म्हणाला. आवाज चढला होता, पण त्याला तो खाली आणता येईना. "ही माझी बायको. आम्ही कॅलिफोर्नियातून घर बघायला आलो. आयनेझ कोण ते आम्हाला गुरुवारी रात्री कळलं, तोवर दीड भांडं बटाटे खाऊन झाले होते. मग सांगायला आलो, तर सांगता आलं नाही. तुम्ही दिलेलं सगळं आम्ही खाल्लं, बाकावर बसलो, हे सगळं खोटं होतं. रडलो ते खरं होतं, पण ते कवळीमुळे. क्रूस तुम्ही गॅलनला..." इथे त्याला गॅलनला दिलेला शब्द आठवला आणि तो थांबला.

कॉफीच्या यंत्रातून वाफेचा आवाज येत होता. रोझानने पर्स उचलून मांडीवर घेतली, निघायची तयारी म्हणून.

"गॅलन येणार नाही, ते माहीत आहे," आर्डिथ म्हणाली.

"कसं?"

"बावीस वर्षं तो येणारच आहे." तिने क्रूसावरचा बोटाचा डाग रुमालाने पुसला. "आणि तुम्ही कोण तेही माहीत आहे."

"कधीपासून?"

व्हर्जिल कोपऱ्यातून खाकरला. त्याची मान आणि कान लाल झाले होते.

"चूक माझी," तो म्हणाला. "आयनेझच्या दारात परकी गाडी बघितली, वाटलं नातेवाईक आले. बटाटे देऊन बाहेर पडलो तेव्हा गाडीची नंबराची पाटी बघितली. कॅलिफोर्निया. भाचा तर ऑरेगॉनातला, आणि घर विकायला काढलेलं. तेव्हा लक्षात आलं की मी परक्या माणसांपुढे टोपी काढून पाच मिनिटं उभा होतो."

"तो माझ्याकडे आला," आर्डिथ म्हणाली. "रडवेला झाला होता."

"रडवेला नव्हतो."

"एकट्यानेच नेऊन दिलं असतं तर व्हर्जिल जन्मभर मूर्ख ठरला असता. म्हणून मग आम्ही सगळ्यांनीच नेलं."

रोझानने पर्स खाली ठेवली. "सगळ्यांनी? म्हणजे ती जेली..."

"जेली माझी," कुणीतरी म्हणालं. "घट्ट झाली होती ना?"

"पण मग आम्हाला सांगितलं का नाही कुणी?" लेलँडने विचारलं.

आर्डिथला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "असं कसं सांगणार? तुम्ही खाल्लं होतं. तुम्हाला किती कानकोंडं झालं असतं."

"आणि बाक?"

"तो नंतरचा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली. "आयनेझने चाळीस वर्षं पोस्ट सांभाळलं. गावातला एकही अंत्यविधी तिने चुकवला नाही. मग पहिला बाक रिकामा ठेवून तिला पुरायचं कसं? आणि दोन माणसं आयती घरात होती. नीट बसणारी वाटली."

एड नोव्होत्नीने खिशातून घडी केलेलं साप्ताहिक काढलं. गुरुवारी रात्री छापायला जातं, शुक्रवारी घरोघर येतं. वर्गणीदार नसलेल्यांना ते मिळत नाही. त्याने चष्मा लावला आणि तिसऱ्या पानावरून वाचलं :

"'आयनेझ मेरी स्वोबोदा, वय एक्क्याण्णव. त्यांच्या हातून एकही पत्र गहाळ झालं नाही. दोन उघडली गेली, त्याबद्दल त्यांनी वेळोवेळी दिलगिरी व्यक्त केली होती. त्यांच्या पश्चात ऑरेगॉनातला एक भाचा आणि घर पाहायला आलेलं एक जोडपं, असा परिवार आहे.'"

त्याने पुन्हा घडी घालून साप्ताहिक खिशात ठेवलं. दोनशे तेरा माणसांना हे कालपासून ठाऊक होतं. रोझानला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळेना. तिने लेलँडच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

आर्डिथने क्रूस परत पुढे केला नाही. तिसऱ्या नकारानंतर काय करायचं असतं ते तिलाही माहीत नव्हतं. तिने तो टेबलावर लेलँडच्या समोर ठेवला, जसं कुणी मिठाची डबी ठेवतं. "पलंगाच्या वर खिळा आहे त्याचा," ती म्हणाली. "इकडे मुक्काम केव्हा हलवताय?"

"घर अजून..." लेलँड म्हणाला.

"एक तारखेला," रोझान म्हणाली.

आर्डिथने ॲप्रनच्या खिशातून वही आणि पेन्सिल काढली. "मग पुढच्या अंत्यविधीच्या वेळी बटाटे तुमच्याकडे लिहिते. ऐंशी माणसांचे."

"अहो नको, मला एवढे कुठे जमणार?"

"जमतील."

"नाही, खरंच, बिघडले तर?"

आर्डिथ पेन्सिल धरून थांबून राहिली. रोझानने आजूबाजूला पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"बरं," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी म्हणजे केव्हा?"

आर्डिथने मान वर केली आणि तळघरातल्या टेबलांवरून सावकाश नजर फिरवली. एकेक खुर्ची, एकेक चेहरा. घाई नव्हती. एड नोव्होत्नीने श्वास आत ओढून छाती ताठ केली. नजर पुढे सरकली आणि कोपऱ्यात व्हर्जिलवर येऊन थांबली.

"माझ्याकडे बघू नका," व्हर्जिल हॅमचा आणखी एक तुकडा घेत म्हणाला. "माझा मका अजून शेतात उभा आहे."